ऑपरेशन की मशीन? जुनाट पाठदुखीसाठी आत्याचे कानमंत्र

बाळा, घरात कुणाची पाठ वर्षानुवर्षं धरली की सल्ले देणारे वाढतात. एक पाहुणा म्हणतो, "एकदाचं ऑपरेशन करून टाका आणि मोकळे व्हा." दुसरा म्हणतो, "आता पाठीत मशीन बसवतात, चिरफाडीची गरजच नाही." दोघेही मायेनंच बोलतात, पण दुखणारी पाठ दोघांचीही नसते.

आपल्या खटाव-माणातली पाठ कष्टाचीच. कुणी मुंबईच्या बाजारात माथाडी होऊन पोती वाहिली, कुणी परमुलखात सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, भट्टीपुढं वाकून आयुष्य काढलं, कुणी इथंच बटाट्याच्या रानात आणि ज्वारीच्या काढणीत राबलं. अशा पाठीचा निर्णय घाईत होऊ नये म्हणून हे लिहून ठेवते. मुळातली गोष्ट एवढीच, की ऑपरेशन मणक्यातली अडचण काढतं. मशीन अडचण काढत नाही. रेडिओचा आवाज बारीक करावा तसा ते कळेचा जोर बारीक करतं. म्हणून काढण्याजोगी अडचण आहे का ते आधी बघायचं आणि मग दोन्हींतलं काय ते ठरवायचं. खालचे सगळे मंत्र या एका गोष्टीभोवतीच फिरतात.

आधी दुखण्याचं नाव विचार

१. दुखणं कंबरेत जास्त की पायात जास्त, हे पहिल्यांदा ठरव — कुल्ल्यातून पोटरीत, पावलात उतरणारी कळ दबलेल्या नसेची असू शकते आणि ऑपरेशनचा गुण तिथं जास्त येतो. नुसत्या कंबरदुखीत तो तितका भरवशाचा नाही.

२. कळ सुरू होऊन तीन महिनेही झाले नसतील तर मशीनचं नाव काढू नकोस — तीन महिन्यांच्या पुढं टिकलेल्या दुखण्यालाच वैद्यक जुनाट म्हणतं. सरकलेली गादी पुष्कळदा आपोआप आक्रसते आणि पाय मोकळा होतो.

३. एमआरआयचा कागद वाचून घाबरू नकोस — अजिबात पाठ न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र मांडल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या.

४. "गॅप पडलाय", "गादी सरकलीय", "नस दबलीय" एवढ्यावर समाधान मानू नकोस. कितवा मणका, कोणती बाजू, कोणती नस, हे लिहून घे — फोटोतली डावी नस आणि दुखणारा उजवा पाय यांचा मेळ बसत नसेल, तर त्या फोटोवरून कापायचं काही कारण नाही.

५. रात्री दुखणं वाढतं का, संध्याकाळी कणकण येते का, वजन उतरलंय का, हे न विसरता सांग — आपल्याकडं मणक्याचा क्षय आजही होतो. वेळेत ओळखला तर त्याचा मुख्य उपचार गोळ्याच असतात आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

६. घरातला तरणा मुलगा सकाळी तासभर आखडलेला असतो आणि हालचाल केल्यावर मोकळा होतो, असं दिसलं तर त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडं ने — तो मणक्याचा वात असू शकतो. त्याला सुरीही नको आणि मशीनही नको, औषध लागतं.

७. मांडी घालताना जांघेत दुखतं का, ते बघ — खुब्याची झीज कंबरदुखीचं सोंग घेऊन येते आणि अशा वेळी मणक्याचं ऑपरेशन करूनही पाय दुखतच राहतो.

८. चालताना पाय भरून येतात पण सायकलीच्या हँडलवर वाकलं की बरं वाटतं, असं घडत असेल तर डॉक्टरांना नेमकं तसंच सांग — मणक्यातली वाट अरुंद झाल्याची ती खूण असते आणि वाट मोकळी करण्याच्या ऑपरेशनचा तिथं चांगला उपयोग होतो.

९. आजी साधी ठेच लागून बसली आणि तेव्हापासून पाठ धरली, तर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आधी करून घे — पिचलेला मणका बहुतेकदा आराम, पट्टा आणि औषधानं भरून येतो. मूळ ठिसूळपणा राहिला तर पुढचाही मणका पिचतो.

आपल्या घरात एवढं पाठ असू दे: नाव कळेपर्यंत वार नको.

थांबायचं नाही अशा खुणा

१०. लघवी अडली, संडासवर ताबा राहिला नाही किंवा बसायची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट बघू नकोस, त्याच रात्री गाडी काढ — शेपटाकडच्या नसांचा झुबका दबलेला असतो. तिथं तासांचा हिशेब असतो आणि ऑपरेशनच करावं लागतं.

११. चालताना चप्पल पायातून आपोआप निसटायला लागली तर ती नवी घेऊ नकोस, आधी डॉक्टर गाठ — पाऊल वर उचलणारी नस कमजोर पडत असेल तर ती फार काळ दबलेली ठेवणं महागात पडतं.

१२. सदऱ्याची बटणं लावता येईनात, चालताना तोल जायला लागला, तर कंबरेबरोबर मानेचीही तपासणी मागून घे — मानेत मज्जारज्जू दबला की हात-पाय दोन्ही बिघडतात आणि तिथं कळ कमी असली तरी धोका मोठा असतो.

१३. पाठीत असह्य ठणका आणि अंगात ताप, किंवा पाठ दुखणाऱ्या माणसाला पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर कोपऱ्यावरच्या मालिशवाल्याकडं नेऊ नकोस — आत पू किंवा गाठ असेल तर रगडण्यानं नुकसानच होतं.

या चारही ठिकाणी ऑपरेशन की मशीन हा वादच उरत नाही. लक्षात ठेव: कळेला वाट बघता येते, ताकदीला येत नाही. इतर वेळी मात्र तुझ्या हातात विचार करायला वेळ असतो आणि तो वापरायचा असतो.

ऑपरेशनकडं वळण्याआधी

१४. वेळ आहे म्हणजे किती, तेही ऐकून ठेव. हॉलंडमध्ये सायटिकाच्या २८३ रुग्णांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन लवकर केलं आणि निम्म्यांना थांबवलं — वर्षाअखेरीस दोन्हीकडं सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. ऑपरेशनवाले लवकर बरे झाले आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन लागलंच, असं २००७ सालचा तो अभ्यास सांगतो.

१५. म्हणजे लवकर आराम हवा म्हणून ऑपरेशन करणं चूक नाही आणि थांबणंही चूक नाही — ज्याच्या घरचं पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याला दोन महिने आधी उभं राहणं मोलाचं असतं. हा हिशेब तुझ्या घराचा आहे, शेजाऱ्याचा नाही.

१६. डॉक्टरांना सरळ विचार, "नस मोकळी करणार की मणके स्क्रूनं जोडणार?" — नस मोकळी करणं तुलनेनं छोटं काम. मणके जोडणं मोठं काम आणि जोडलेल्या जागेचा भार वरच्या-खालच्या मणक्यांवर पडतो.

१७. पायात कळ नाही, मणका सरकलेला नाही, फक्त कंबर दुखते आणि तरी स्क्रू सांगितले, तर दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नकोस — इंग्लंडमध्ये ३४९ रुग्णांवर मणके जोडणं आणि कसून व्यायाम यांची तुलना झाली. २००५ साली निकाल आला तेव्हा ऑपरेशनचं पारडं ठळकपणे जड निघालं नाही.

१८. दुसरं मत घ्यायला लाजू नकोस आणि पहिल्या डॉक्टरांपासून लपवूही नकोस — आपल्या वडूजहून सातारा, कराड जवळ आहे, मिरजेचं शासकीय रुग्णालयही आवाक्यात आहे. चांगला डॉक्टर दुसऱ्या मताला रागावत नाही.

१९. दुसरं मत शक्यतो वेगळ्या विषयाच्या माणसाकडून घे. सर्जनला भेटला असशील तर वेदनातज्ज्ञाला भेट, वेदनातज्ज्ञ आधी झाला असेल तर सर्जनला — प्रत्येकाच्या हाताला आपलं हत्यार सवयीचं असतं, त्यात वाईट हेतू नसतो.

२०. मिश्री लावत असलात तर ते डॉक्टरांना सांगा, काकू असो वा आजी — डॉक्टर बिडी-सिगारेट विचारतात, बायका "नाही" म्हणतात आणि मिश्रीतलं निकोटीन तसंच अंगात जात राहतं. निकोटीनमुळं जोडलेली हाडं सांधायला अडथळा येतो.

२१. साखर आटोक्यात आणल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नकोस, मशीनचीही नको — वाढलेल्या साखरेत जखम चिघळते. मणक्याच्या स्क्रूला किंवा मशीनच्या तारेला जंतू लागले तर ते काढायची पाळी येते.

२२. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर चिठ्ठीत पहिल्या ओळीला लिही आणि स्वतःच्या मनानं बंद करू नकोस — चालू ठेवली तर मणक्यात रक्त साकळायची भीती, मनानं बंद केली तर हृदयाची.

२३. पहिलं ऑपरेशन होऊनही दुखत असेल तर दुसऱ्याची घाई नको. आधी विचार, "आता नवीन काय दबलंय?" — नवीन गादी सरकली असेल, स्क्रू हलला असेल, तर दुसऱ्याला अर्थ आहे. काहीच दबलेलं नसेल तर पुन्हा कापून निघणार काय?

मशीनकडं वळण्याआधी

२४. मशीन म्हणजे काय ते समजून घे. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा सोडतात आणि कंबरेच्या कातडीखाली बॅटरी ठेवतात, नाव स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर — विजेच्या हलक्या झटक्यांनी कळेचा निरोप मेंदूपर्यंत पोचताना मंदावतो. दबलेली नस मात्र दबलेलीच राहते.

२५. हे काल-परवाचं खूळ नाही आणि जादूही नाही. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली कळेच्या वाटेवर दार असतं असा सिद्धान्त मांडला आणि १९६७ साली अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी पहिलं असं यंत्र बसवलं — इतकी वर्षं होऊनही त्याच्या गुणाबद्दल डॉक्टरांत एकमत नाही, हे तुला ठाऊक असावं.

२६. मशीनच्या बाजूचा पुरावा ऐक. बाल्टिमोरमध्ये आधी ऑपरेशन होऊनही दुखणाऱ्यांना दोन गटांत वाटलं. मशीनवाल्या १९ पैकी ९ जणांना चांगला गुण आला, पुन्हा ऑपरेशन झालेल्या २६ पैकी फक्त ३ जणांना — म्हणून फसलेल्या ऑपरेशनवर दुसरं ऑपरेशन करण्याआधी मशीनचा विचार करावा, असं २००५ पासून पुष्कळ डॉक्टर सांगतात.

२७. पायातली कळ जास्त असेल तर आणखी एक आकडा लक्षात ठेव. २००७ सालच्या १०० रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी मशीनवाल्या ४८ टक्के लोकांची पायाची कळ निम्म्यानं कमी झाली, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ९ टक्क्यांची — पण तेही वाचून झालं की पुढचा मंत्र वाच.

२८. विरुद्ध बाजूचा पुरावाही तितक्याच कान देऊन ऐक. नॉर्वेत ५० रुग्णांच्या अंगातलं मशीन कधी चालू, कधी बंद ठेवलं आणि कोणतं केव्हा ते त्यांना कळू दिलं नाही. २०२२ साली निकाल आला की चालू आणि बंद यांत म्हणावा असा फरक नाही — तिथं एकाच तऱ्हेची लहर वापरली होती, तरी हा निकाल नजरेआड करता येत नाही.

२९. नुसत्या कंबरदुखीसाठी मशीन सांगितलं तर जास्त सावध राहा — कोक्रेननं २०२३ साली १३ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कंबरदुखीवर मशीनचा टिकाऊ फायदा आढळला नाही.

३०. चाचणीशिवाय मशीन बसवू देऊ नकोस. आधी तारा सोडून बॅटरी अंगाबाहेर ठेवतात, साधारण पाच-सात दिवस वापरून बघतात — दुखणं निदान निम्म्यानं कमी झालं तरच पुढं जायचं, हा रुळलेला दंडक आहे. ऑपरेशनची अशी चाचणी घेता येत नाही, मशीनची घेता येते. तोच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

३१. चाचणीच्या दिवसांत खाटेवर पडून राहू नकोस, रोजची कामं डॉक्टरांनी सांगितलेल्या बेतानं करून बघ — घरी निजून पुष्कळांचं दुखणं कमी होतं. बाजारापर्यंत चालणं, भाकरी थापायला बसणं, रात्री सलग झोपणं जमलं तर ती चाचणी खरी.

३२. चाचणीत "थोडं बरं वाटतंय" असं डॉक्टरांचं मन राखायला म्हणू नकोस — त्या एका शब्दावर कायमची बॅटरी बसते. तिथं खोटी भीड नको, भिडेनं बोललेलं पाठीला भोवतं.

३३. मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं तर रागावू नकोस — तुझं दुखणं खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. उदासी आणि मोडकी झोप कळ वाढवतात आणि त्यांचा उपाय न करता बसवलेलं मशीन कमी गुण देतं.

३४. पहिले सहा-आठ आठवडे वाकणं, पिळवटणं, हात उंचावून ओझं उतरवणं बंद — तार जागेवर रुजेपर्यंत सरकू शकते आणि सरकली तर पुन्हा टेबलावर जावं लागतं. ज्वारीची काढणी समोर असताना तारीख घेऊ नकोस, सुगी उरकू दे.

३५. बॅटरी चार्जिंगची की बिनचार्जिंगची, ते आधी ठरव — बिनचार्जिंगची काही वर्षांत संपते आणि बदलायला पुन्हा छेद घ्यावा लागतो. चार्जिंगची साधारण दहा वर्षं टिकते, पण नेमानं चार्ज करावी लागते. वीज जाते त्या गावात वेळ ठरवून ठेवलेली बरी.

३६. बसवायच्या आधी विचार, "या मशीनसकट एमआरआय करता येईल का, किती भागाचा?" — जुन्या मशीनना तो चालत नाही, नव्यांनाही अटी असतात. उद्या डोक्याचा किंवा गुडघ्याचा एमआरआय लागला तर अडचण नको.

३७. मशीनचं कार्ड पाकिटात ठेव आणि शेक देणाऱ्या फिजिओला सगळ्यात आधी दाखव — शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक मशीन असलेल्या माणसाला वर्ज्य आहे. ती उष्णता तारेवाटे आतल्या नसेपर्यंत जाऊन इजा करते. दुसरं कुठलं ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही तेच कार्ड दाखव.

३८. मुंग्या जाणवणारं मशीन असेल तर मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवताना ते बंद ठेव — अंग हललं की झटका अचानक वाढतो आणि हँडल सुटू शकतं.

३९. औषधाचा पंप सुचवला तर पहिला प्रश्न अंतराचा विचार. पंप कातडीखाली असतो आणि औषध थेंबाथेंबानं मणक्यातल्या पाण्यात सोडतो. दर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो सुईनं भरावा लागतो — भरणी चुकली तर शरीराला औषधाअभावी धक्का बसतो आणि काही औषधांत तो जिवावर बेततो. कर्करोगाच्या कळेत आणि अंग ताठरण्यात त्याचा आधार मोठा आहे, पण मोठं रुग्णालय दूर असलेल्याला तो जपवणं कठीण.

पैसा, अंतर आणि घर

४०. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी भेट आणि तुझ्या उपचाराचं नेमकं नाव यादीत आहे का ते तपासून घे — योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आधार देते, पण यादीत असलेल्या उपचारांनाच आणि अंगीकृत रुग्णालयातच. "मणक्याचं ऑपरेशन होतं" म्हणजे "मशीनही होतं" असं धरू नकोस.

४१. मशीनची किंमत विचारताना चाचणी, बसवणं, पुढची बॅटरी आणि मशीनच्या लहरींची दर खेपेची जुळणी, हे चारही आकडे एकाच कागदावर माग — नुसत्या मशीनचा आकडाच लाखांत असतो. बाकीचे तीन आकडे पुढं डोईजड होतात.

४२. रान विकून मशीन किंवा ऑपरेशन करायची वेळ आली तर आधी सरकारी किंवा पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखव. मिरज आहे, पुण्याचं ससून आहे, मुंबईचं केईएम आहे — रांग लांब असते, पण तिथलं मत तुझ्या रानाकडं बघून दिलेलं नसतं.

४३. गलाईच्या कामानिमित्त दिल्लीत किंवा कोइंबतूरला राहत असाल तर ज्या गावी राहता तिथल्याच रुग्णालयात मशीन बसवा — जुळणी करायला वारंवार जावं लागतं. दिवाळीत गावी येऊन ते होत नाही.

४४. डॉक्टरांना विचार, "हे काम तुम्ही किती जणांचं केलंय आणि वर्षानंतर त्यातले किती जण कामावर आहेत?" — मणक्याची ऑपरेशनं पुष्कळ ठिकाणी होतात. मशीन मात्र अजून मोजक्या मोठ्या शहरांतच नियमित बसवतात, म्हणून हा प्रश्न तिथं दुप्पट महत्त्वाचा.

४५. पुडीतली जडीबुटी बंद कर, ती कितीही गुणकारी वाटत असली तरी — अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. त्यानं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते आणि मग ऑपरेशनही अवघड होतं, मशीनही.

४६. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने घेऊ नकोस — मूत्रपिंड आणि पोट दोन्ही झिजतं. नसेच्या कळेला वेगळी औषधं असतात, ती डॉक्टर हळूहळू वाढवतात आणि हळूहळूच सोडवतात.

निर्णयाच्या दिवशी

४७. हव्या असलेल्या तीन गोष्टी कागदावर लिही. "दुखणं जावं" असं नको, "गावातल्या हुतात्मा स्मारकापर्यंत न थांबता चालायचंय", "पुसेगावची यात्रा पायी फिरायचीय", "रात्री सलग झोपायचंय" असं — कळेचा आकडा रोज बदलतो. चाललेलं अंतर खोटं बोलत नाही.

४८. तो कागद डॉक्टरांपुढं ठेव आणि विचार, "यातलं ऑपरेशननं काय मिळेल, मशीननं काय, आणि काहीच केलं नाही तर काय?" — तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि बऱ्याचदा खरं उत्तर त्यातच असतं.

४९. तपासणीच्या खोलीत एकट्यानं जाऊ नकोस, लिहून घेणारं माणूस बरोबर ने — दुखणाऱ्याला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं घरी पोचेपर्यंत विसरतं.

५०. पहिल्या भेटीत सही करू नकोस, मंत्र १० ते १३ मधल्या चार खुणा नसतील तर निदान एक झोप मध्ये जाऊ दे. घाईची सही, वर्षांची कळ — "आजच ठरवलंत तर सवलत" असं म्हटलं गेलं तर तेच थांबायचं कारण समज.

५१. आता सगळं थोडक्यात. नस दबलीय, फोटो आणि पाय यांचा मेळ बसतोय, ताकद कमी होतेय, तर ऑपरेशन. काढण्यासारखं काही उरलेलं नाही, पायातली कळ जात नाही, औषध-व्यायाम नीट करून झाला, चाचणीत निम्म्यानं गुण आला, तर मशीन — कापलेलं हाड परत येत नाही, मशीन गरज पडली तर काढता येतं. म्हणून शंकेच्या जागी आधी ते करून बघावं जे मागं घेता येतं.

५२. दोन्हींतलं काहीच नको, असंही उत्तर असतं आणि ते हरल्याचं लक्षण नाही. वजन उतरवणं, पाठ-पोटाचा व्यायाम, ओझं विभागून उचलणं आणि नीट झोप, एवढ्यावर पुष्कळांची गाडी चालते — ऑपरेशन झालं किंवा मशीन बसलं, तरी ही कामं करावीच लागतात. मग ती आजपासून का नकोत?

५३. काहीही ठरवलंस तरी तिसऱ्या महिन्यात आणि वर्षानं तो तीन ओळींचा कागद पुन्हा काढ आणि किती जमलं ते डॉक्टरांसमोर वाच — गुण आला नसेल तर तो लपवून कुणाचं भलं होत नाही. मशीनची जुळणी बदलता येते, औषध बदलता येतं, व्यायाम बदलता येतो. मधे कुठं अडलंस तर मला फोन कर, आपण मिळून पुढच्या भेटीचे प्रश्न लिहून काढू.